माईसाहेबांचं लग्न आपण नीट पाहिलंच नाही

२७ मे ला आमच्या आंधळगावात विहार भरलेला असतो. माता रमाईंचा स्मृतिदिन. बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात, त्रिशरण-पंचशील होतं, कुणीतरी रमाईंच्या कष्टांची आठवण सांगतं आणि ऐकता ऐकता पदर डोळ्यांना लागतात. मग दोनच दिवसांनी २९ मे उगवतो आणि विहाराला कुलूप असतं. डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे आपल्या माईसाहेब, २००३ साली याच तारखेला गेल्या. ही तारीख आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे, हे विचारायची आम्हाला लाज वाटते, कारण पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही ती ठाऊक नव्हती.

आम्ही मोहाडी तालुक्यातल्या गावांमध्ये तरुण मुलामुलींच्या बैठका घेतो. एप्रिल-मे मध्ये विषय कुठलाही ठरवा, गाडी लग्नावरच येते. कुणाच्या घरी साक्षगंध झालेलं असतं, कुणाकडे आंदणाची यादी आलेली असते, कुणाच्या आईने बचत गटातून कर्ज उचललेलं असतं. पत्रिकेवर तथागत आणि बाबासाहेब छापलेले, खाली मंगल परिणय. प्रत्यक्षात परिणय पंधरा मिनिटांत उरकतो आणि डीजे चार तास चालतो. आमचं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी, हातमागासाठी ओळखलं जाणारं गाव. नवरीचा शालू मात्र नागपूरहून येतो. असो.

अशाच एका बैठकीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं की बाबासाहेबांचं स्वतःचं लग्न कसं झालं होतं, खर्च किती झाला होता, माणसं किती होती. भायखळ्याच्या बाजाराची गोष्ट तिथल्या दोघा-तिघांना येत होती. दुसऱ्या लग्नाबद्दल विचारल्यावर सगळे गप्प झाले. एकाने नुसतं बामणीण एवढंच म्हटलं आणि मान खाली घातली. त्या मुलीला आम्ही त्या दिवशी जेवढं सांगू शकलो ते अपुरं होतं. म्हणून हा लेख.

भायखळ्याचं थोडक्यात सांगतो. भीमराव पंधराच्या आसपास, रमाई नऊ वर्षांच्या. दिवसा बाजार चालू असायचा, म्हणून रात्री दुकानं बंद झाल्यावर मोकळ्या मंडईत, मासे विकायच्या ओट्यांच्या मधे ते लग्न लागलं. आजूबाजूला ओल, वास, गटाराचं पाणी. ते लग्नही साधंच होतं, पण तो साधेपणा गरिबीने लादलेला होता. माईसाहेबांच्या लग्नाचा साधेपणा निवडलेला होता. आपण दोन्हींना साधं लग्न म्हणून मोकळे होतो, आणि इथेच आपल्या हातून काहीतरी निसटतं.

माईसाहेबांचा जन्म २७ जानेवारी १९०९ चा, मुंबईचा. नाव शारदा कृष्णराव कबीर. घराणं सारस्वत ब्राह्मण, मूळ कोकणातलं, राजापूरकडचं. वडील वैद्यकीय परिषदेत रजिस्ट्रार होते. घर शिकलेलं होतं, आणि त्या काळाच्या मानाने चांगलंच मोकळं. आठ भावंडांपैकी सहा जणांनी जातीबाहेर लग्नं केली. १९३०-४० च्या दशकात एका ब्राह्मण घरात असं होत होतं, हे लक्षात ठेवा. आज आमच्या तालुक्यात एखाद्या बौद्ध मुलाने तेली किंवा कुणबी मुलीशी लग्न केलं तर पोलीस ठाण्यापर्यंत जावं लागतं. शारदाबाईंच्या घरात जात मोडणं हा बंडाचा नाही, तर जेवणाच्या ताटावरचा विषय झाला होता. त्यामुळे त्यांनी बाबासाहेबांशी लग्न करणं म्हणजे कुठला तरी डाव होता, असं जे पुढे बोललं गेलं, त्याला निदान त्या घराच्या इतिहासात आधार सापडत नाही.

शाळा पुण्यात. मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ च्या सुमारास एम.बी.बी.एस. ते साल डोळ्यांसमोर आणा. मुलगी डॉक्टर होणं तेव्हा शहरातही दुर्मीळ होतं. त्यानंतर गुजरातमधल्या एका दवाखान्यात त्यांनी वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली, तब्येत साथ देईना म्हणून मुंबईला परतल्या आणि गिरगावात डॉ. माधवराव मालवणकरांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. वय तिशी ओलांडलेलं, लग्न नाही, स्वतःची कमाई, स्वतःचं काम. आपल्याकडे अशा बाईकडे आजही शेजारीपाजारी कसं बघतात, ते आमच्या वाचक मुलींना सांगायला नको.

१९४७ मध्ये विलेपार्ल्याला डॉ. एस. एम. राव यांच्या घरी त्यांची बाबासाहेबांशी ओळख झाली. राव बाबासाहेबांचे स्नेही होते, शारदाबाईंचं त्यांच्या कुटुंबाकडे जाणं-येणं होतं. त्यानंतर बाबासाहेब उपचारासाठी डॉ. मालवणकरांकडे येऊ लागले. मधुमेह, रक्तदाब, पायांतल्या नसांचं दुखणं, झोप नाही. रमाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. दिल्लीत बंगला होता, नोकरचाकर होते, पण वेळेवर जेवण आणि औषध देणारं, मध्यरात्री पाय दुखायला लागले तर उठणारं घरचं माणूस नव्हतं. त्याच काळात ते देशाचे कायदामंत्री झाले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षही. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार झाला. तो पुढे संविधान सभेत मांडायचा होता, कलमा-कलमाला उत्तरं द्यायची होती, आणि ते करणारा माणूस रात्र रात्र वेदनेने जागा होता.

बाबासाहेबांनी लग्नाची विचारणा पत्राने केली. आपलं वय, आपल्या तब्येतीची अवस्था काहीही लपवलं नाही. शारदाबाईंनी लगेच होकार दिला नाही. डॉ. मालवणकरांशी बोलल्या, घरी मोठ्या भावाशी बोलल्या, स्वतः विचार केला. सगळ्यांनी पाठिंबा दिला, पण निर्णय त्यांचा होता. एकोणचाळीस वर्षांची डॉक्टर बाई आपल्या रुग्णाचे आजार कागदावर वाचून, त्यांचा पुढचा प्रवास काय असू शकतो हे पूर्ण समजून हो म्हणते, तेव्हा तो होकार भाबडा नसतो. बाबासाहेबांचा आजार तेव्हा त्यांच्या अनुयायांपैकी कुणाहीपेक्षा जास्त त्यांना कळत होता.

१६ मार्च १९४८ ला बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून हा निर्णय कळवला. ते पत्र आमच्या मते प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने एकदा वाचावं. यशवंतच्या आईच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्न न करण्याचा आपला निश्चय होता, पण परिस्थितीने तो सोडावा लागतोय, असं ते त्यात मांडतात. घर सांभाळायला नर्स ठेवता आली असती, पण त्यातून लोकांच्या जिभा सैल होतील आणि ते चळवळीला परवडणारं नाही, म्हणून लग्न हाच सरळ मार्ग. शिकलेली, वैद्यकीय सेवा जाणणारी स्त्री हवी होती, आपल्या समाजात तशी सापडली नाही, म्हणून सारस्वत ब्राह्मण डॉक्टर निवडली. तारीखही दिलेली होती, १५ एप्रिल. एवढा मोठा नेता आपल्या सहकाऱ्याला आपल्या खासगी निर्णयाचा हिशोब देतोय. त्यांना तो द्यायची गरज वाटली, कारण समाज काय म्हणेल हे त्यांना माहीत होतं.

आता १५ एप्रिल १९४८.

आदल्या दिवशी बाबासाहेबांनी सत्तावन्न पूर्ण केली होती. शारदाबाई मुंबईहून विमानाने दिल्लीला आल्या. लग्न मंत्र्याच्या सरकारी बंगल्यात, १, हार्डिंग्ज अव्हेन्यू. त्या रस्त्याला आता टिळक मार्ग म्हणतात. दिल्लीचे उपायुक्त रामेश्वर दयाल विवाह नोंदणी अधिकारी म्हणून घरी आले. हजर कोण, तर रायसाहेब पूरणचंद, बाबासाहेबांचे खासगी सचिव, बंगल्याच्या व्यवस्थेशी संबंधित एखाद-दोन अधिकारी, गृहखात्याचे सचिव, कमलाकांत चित्र्यांच्या घरची माणसं, शारदाबाईंचे भाऊ. एका दिवाणखान्यात सहज मावतील एवढी. होम नव्हता, सप्तपदी नव्हती. नोंदणी झाली, सह्या झाल्या, दोघं कायद्याने पती-पत्नी झाले. लग्नानंतर शारदाचं नाव सविता झालं, पण घरात बाबासाहेबांच्या तोंडी शारूच राहिलं.

देशाच्या कायदामंत्र्याचं लग्न होतं हे. मनात आणलं असतं तर दिल्ली गोळा झाली असती. ते तसं का झालं नाही, याचं उत्तर आम्हाला तीन ठिकाणी सापडतं. पहिलं साधं आहे, तब्येत. दुसरं काळाचं. गांधीजींच्या हत्येला अडीच महिनेच झाले होते, दिल्ली फाळणीच्या निर्वासितांनी भरलेली होती, तिथे मंत्र्याने मांडव घालणं शोभलं नसतं. तिसरं कायद्याचं आहे आणि त्याबद्दल आपल्या बैठकांमध्ये कुणी बोलत नाही, म्हणून तिथे थोडं थांबतो.

१९४८ मध्ये हिंदू कायदा जातीबाहेरच्या लग्नाबाबत अडेल होता. त्यातही वर ज्याला खालचा म्हटलं जाई त्या जातीतला आणि वधू वरच्या जातीतली, याला शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम म्हणत, आणि असं लग्न धार्मिक विधीने लावलं तर ते कोर्टात टिकण्याची खात्री नव्हती. म्हणजे भटजी आणून, होम करून, हजार माणसं जेवू घालून बाबासाहेबांनी लग्न लावलं असतं, तरी कायद्याच्या नजरेत माईसाहेब पत्नी आहेत की नाहीत यावर पुढे कुणीही वाद घालू शकला असता. मार्ग एकच होता, १८७२ चा विशेष विवाह कायदा. आधी नोटीस द्यायची, चौदा दिवस थांबायचं, मग नोंदणी अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. अधिकारी घरी येऊन लग्न लावू शकत होता. आंतरजातीय हिंदू विवाह सरसकट वैध करणारा कायदा संसदीय मार्गाने आला तो १९४९ मध्ये, म्हणजे या लग्नाच्या एक वर्ष नंतर. आणि बाबासाहेब ज्या हिंदू कोड बिलासाठी झगडत होते, त्यात लग्नाला जातीची अट उरणार नव्हती. ते बिल अडवलं गेलं आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. या माणसाने जो कायदा देशासाठी मागितला, तो आधी स्वतःच्या घरात जगून दाखवला.

आज १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. नोटिशीची मुदत तीस दिवस झाली, साक्षीदार तीनच लागतात, आणि अधिकारी आजही ठराविक अंतरात घरी किंवा विहारात येऊन लग्न लावू शकतो. आमच्या भागातली मुलंमुली हे ऐकून चकित होतात. त्यांना वाटतं कोर्ट मॅरेज म्हणजे पळून जाणं. हार्डिंग्ज अव्हेन्यूचं लग्न कुणी पळून जाऊन केलं नव्हतं. ते स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी, आपल्या माणसांसमोर झालं. विहारात परित्राण पाठ आणि त्याच दिवशी तिथेच कायदेशीर नोंद, हे दोन्ही एकत्र करता येतं. नोटिशीची मुदत सांभाळली तर यात अवघड काही नाही.

लग्नाची बातमी पसरली तेव्हा सरदार पटेलांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, बापू असते तर त्यांनीही आशीर्वाद दिला असता अशा अर्थाचं. बाबासाहेबांनी ते मान्य केलं. पण आपल्या वस्त्यांमधून काय उमटलं? काहींनी आनंद मानला, बऱ्याच जणांना ते गिळता आलं नाही. ज्यांच्या पिढ्या ब्राह्मणांच्या सावलीपासून हाकलल्या गेल्या, त्यांना आपल्या बापाच्या घरात ब्राह्मण बाई आलेली बघून धक्का बसणं समजण्यासारखं आहे. तो राग खोटा नव्हता. चुकीचं झालं ते पुढे. कधी कुणी त्या बाईला जवळून पाहिलंच नाही.

इथे छोट्या लग्नाची एक उणी बाजू आहे, ती आम्ही लपवणार नाही. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका छोट्या लग्नाला विरोध करतात, तेव्हा आम्ही त्यांना आधी मागासलेलं समजायचो. त्यांचं म्हणणं असं की गाव जेवलं की गाव साक्षीदार होतं, उद्या मुलीला सासरी त्रास झाला तर शंभर माणसं उभी राहतात. समाजशास्त्र शिकताना आम्ही हेच जाडजूड पुस्तकांत वाचलं होतं, पण कळलं त्या आज्यांकडून. माईसाहेबांच्या लग्नाला जी मोजकी माणसं होती, त्यात वस्तीतलं कोण होतं? नागपूर, नाशिक, परळ, भंडाऱ्याच्या लाखो माणसांसाठी त्या एके दिवशी वर्तमानपत्रातून घरात आल्या. कुंकू लावून कुणी त्यांना आपल्या उंबऱ्यात घेतलं नाही. आणि संकट आलं तेव्हा त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला वस्ती उभी राहिली नाही.

मधली आठ वर्षं त्यांनी काय केलं, हे बाबासाहेबांच्या कामावरूनच मोजावं लागतं. दवाखाना सुटला. इंजेक्शनं, पथ्य, व्यायाम, झोप, भेटायला येणाऱ्यांची रांग, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे सगळं त्यांच्याकडे आलं. या शेवटच्या कामाने माणसं दुखावली. नेत्याच्या दारात उभं राहिलेल्या कार्यकर्त्याला आत न सोडणारी बाई कुणालाच आवडत नाही. डॉक्टर म्हणून ते बरोबर असेल, माणसं जोडण्याच्या दृष्टीने महागात पडलं, असं आमचं मत आहे. पण त्याच काळात संविधान सभेत मसुदा कलमवार पार पडला, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं, हिंदू कोड बिल लढवलं गेलं, राजीनाम्यानंतर २६, अलीपूर रोडच्या घरात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून झाला. १९५४ मध्ये तर बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. ते हरले, आणि ती हार या जिल्ह्याच्या कपाळावर आहे. तोवर शरीर किती थकलं होतं, हे त्यांच्या घरच्या डॉक्टरइतकं कुणाला ठाऊक असणार?

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. अशोक विजयादशमी. कुशिनाराचे भदन्त चंद्रमणी महास्थविर समोर बसले होते. त्यांच्याकडून सर्वात आधी त्रिशरण-पंचशील घेतलं ते दोघांनी, बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. आपल्या आजोबांनी दीक्षाभूमीवर धम्म घेतला हे आपण अभिमानाने सांगतो. त्या मांडवातली पहिली उपासिका कोण होती, हे सांगायला मात्र आपण विसरतो. पुढच्या महिन्यात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही त्या बरोबर होत्या.

६ डिसेंबरच्या सकाळी अलीपूर रोडच्या घरात बाबासाहेब उठले नाहीत. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर जनसागर होता. आणि त्या सागरात कुजबुज सुरू झाली होती. डॉक्टर बायको, ब्राह्मण बायको, शेवटच्या रात्री घरात तीच. दुःखाला कुणीतरी गुन्हेगार लागतो, आणि तो आयता समोर उभा होता. खासदारांनी चौकशीची मागणी केली, केंद्र सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं निष्पन्न झालं आणि लोकसभेत तसं सांगितलं गेलं. एखाद्या पुरुषाच्या बाबतीत प्रकरण तिथे मिटलं असतं. माईसाहेबांच्या बाबतीत ते अजून मिटलेलं नाही. दर डिसेंबरमध्ये आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर तोच संदेश फिरतो, नुसतं चित्र बदललेलं असतं.

एक गोष्ट आम्हाला त्याहून जास्त बोचते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्च-एप्रिलमध्ये प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात त्यांनी आपण हा ग्रंथ पूर्ण करू शकलो त्याचं श्रेय डॉ. मालवणकर आणि आपल्या पत्नीला दिलं, आपलं आयुष्य त्यांच्यामुळे वाढलं असं नोंदवलं, टंकलेखन करणाऱ्या नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांचेही आभार मानले. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी १९८० मध्ये ती लोकांसमोर आणली. मधली तेवीस वर्षं आपल्या घराघरांत तो ग्रंथ वाचला गेला, वर्षावासात त्याचं पारायण झालं, आणि ज्या बाईमुळे तो पुरा होऊ शकला असं लेखकानेच लिहून ठेवलं होतं, तिलाच लोक शिव्या देत राहिले. बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने दिलेली साक्ष आपल्यापर्यंत पोचू दिली गेली नाही, आणि पोचल्यावरही आपण ती फारशी वाचली नाही.

माईसाहेब त्यानंतर बराच काळ दिल्लीत, मेहरौली भागात राहिल्या. एकट्या. पुन्हा लग्न नाही, दवाखाना नाही, चळवळीत जागा नाही. सत्तरच्या दशकात पँथरची पोरं पुढे आली तेव्हा थोडं वारं फिरलं. रामदास आठवले, गंगाधर गाडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा समाजात आणलं. ज्या पिढीने त्यांच्यावर संशय घेतला, तिच्या मुलांनी त्यांना माई म्हणून हाक मारली. १९८७-८८ च्या ‘रिडल्स’ आंदोलनात त्या सामील झाल्या. १४ एप्रिल १९९० ला राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण यांच्या हस्ते बाबासाहेबांचा मरणोत्तर भारतरत्न त्यांनी स्वीकारला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं पूर्ण होत होती. त्याच वर्षी त्यांचं ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे पुस्तक आलं. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी आपली बाजू स्वतः मांडली. त्यात स्वतःचं समर्थन आहे, काही ठिकाणी कडवटपणाही आहे, आणि वाचणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून वाचावं. पण आधी वाचावं तर खरं. बाबासाहेबांच्या वापरातल्या जपून ठेवलेल्या वस्तू त्यांनी पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयाला दिल्या. ते व्हायोलिन, ते कपडे आज आपण काचेमागे पाहतो ते त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले म्हणून.

२९ मे २००३ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या गेल्या. चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य, त्यातली साडेआठ वर्षं बाबासाहेबांसोबत, आणि सेहेचाळीसहून जास्त वर्षं त्यांच्यानंतर.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिचं लग्न ठरलं आहे. मुलगा तुमसरचा, तिच्याच कॉलेजातला, जात वेगळी. दोन्ही घरं अजून पूर्ण तयार नाहीत. नोटीस देऊन झाली आहे. माणसं किती बोलवायची यावर तिचं आणि तिच्या आजीचं रोज भांडण होतं. मुलीला तीस पुरेत, आजीला अख्खी वस्ती हवी. आम्ही मध्ये पडलो आणि असं सुचवलं की जेवायला तीसच असू देत, पण लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला नवरीने विहारात यावं, वस्तीतल्या प्रत्येक बाईने तिला आणि त्या मुलाला भेटावं, नुसत्या चहावर. डीजेचा खर्च नाही आणि साक्षीदार मात्र शंभर. आजी अजून विचार करतेय. आंदणाची आलमारी तिने अजून सोडलेली नाही.

येत्या २९ मे ला संध्याकाळी सात वाजता आंधळगावच्या विहारात ती गाळलेली प्रस्तावना मोठ्याने वाचायचं ठरलं आहे. त्या दिवशी गावात दोन लग्नं आहेत, म्हणून वेळ वरातीच्या आधीची ठेवली आहे. विहाराची किल्ली आमच्याकडे आहे.